रुंदीसाहेबांची सायकल

माझ्या थोरल्या भावाला त्याच्या ऑफिसात रुंदीसाहेब म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे इतक्या मोठ्याने म्हणतात की ते त्याला केव्हाच कळलंय, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. शहराच्या रस्ते खात्यात तो इंजिनिअर आहे. नोकरीला लागल्यापासून त्याने एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे रस्ते रुंद करणं. त्यासाठी फुटपाथ कापले, कोपरे गोल केले, दुसरीकडे लावायचं वचन देऊन इथली झाडं काढली. घरीही तेच. एकदा त्याने आणलेलं कपाट दारातून आत येईना. दुसऱ्या कुणी कपाट परत केलं असतं. दादाने गवंडी बोलावून दार रुंद करून घेतलं. वहिनी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दार दाखवते आणि म्हणते, "यांचं चाललं असतं तर मलाही रुंद करून घेतलं असतं. पण तेवढं माझं मीच केलं."

माणूस मनानेही रुंद आहे. कुणी काही मागितलं तर मागितल्यापेक्षा जास्त देतो, गोष्ट सांगायला लागला तर घडली त्यापेक्षा जास्त सांगतो. फक्त चालत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणायचा असला तरी गाडी काढतो. परत आल्यावर गाडी लावायला जागा मिळते ती बेकरीच्याही पलीकडे, म्हणजे तिथून चालत यावं लागतं ते वेगळंच. "पाय मोकळे झाले," असं म्हणून तो पाव टेबलावर ठेवतो.

आम्ही शेजारच्या इमारतीत राहतो. माझी मुलगी भिंगरी आठवीत आहे. हे तिचं शाळेतलं नाव नाही, पण शाळेतलं नाव शाळेतसुद्धा कुणी वापरत नाही. तिच्या मागच्या वाढदिवसाला दादाने मला न विचारता तिला सायकल आणून दिली. तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय होता: भिंगरीला सायकलवरून शाळेत जायचं होतं, आणि मला ते नको होतं.

कारण घर आणि शाळा यांच्या मधोमध दादाचा रस्ता आहे. म्हणजे त्याने केलेला, त्याचा सगळ्यात लाडका. त्याच्या दिवाणखान्यात लग्नाच्या फोटोशेजारी या रस्त्याचा फोटो आहे आणि फ्रेम रस्त्याचीच मोठी आहे. रस्ता खरोखर प्रशस्त आहे. बँकेच्या कोपऱ्यावर तर तो असा छान गोल वळतो की गाडीवाल्याला वेग कमी करायची गरजच पडत नाही. तिथे शाळेच्या मुली दप्तर छातीशी धरून धावत रस्ता ओलांडतात. फुटपाथ आहे, नाही असं नाही. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाला खाली उतरावं लागतं, एवढंच.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्यासारखीला बघूनच म्हटलं असावं. भिंगरी शाळेतून यायला थोडा उशीर झाला तरी त्या कोपऱ्यावर काय काय झालं असेल ते सगळं मी गॅलरीत उभ्या उभ्या पाहून घेते. तिचे बाबा कामानिमित्त बाहेरगावी असतात. त्यांना फोनवर म्हटलं, "तुम्हाला भीती कशी वाटत नाही?" तर म्हणाले, "तू वाटून घेतेस ना, मग मी वेगळी कशाला वाटून घेऊ."

एका रविवारी दादाकडे चहाला बसलो होतो. भिंगरीने मामाला मध्ये घातलं.

"मामा, तू सांग ना आईला. तुझं ऐकेल ती."

"अगं जाऊ दे की तिला," दादा मला म्हणाला. "एवढं काय घाबरायचं? तिच्या वयाचा असताना मी सायकलवरून डोंगर पालथे घातलेत."

हे डोंगर आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहेत. लग्नाआधी वहिनीला पहिल्यांदा भेटला तेव्हा दादाने ते तिला सांगितले होते, आणि नंतर दरवर्षी त्यांची उंची वाढत गेली. भिंगरी तर मैत्रिणींना सांगायची की माझा मामा रेसमध्ये होता. या घरात खरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. दादाला सायकल येत नाही. लहानपणी एकदाच तो वडिलांच्या मोठ्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, उतारावर निघाला होता आणि थेट दूधवाल्याच्या गाडीत घुसला. सगळी गल्ली दुधाने धुतली गेली. मांजरं कुठून कुठून आली. लोक इतके हसले की दादा त्यानंतर सायकलकडे फिरकला नाही. पुढे नोकरी लागली, ऑफिसची जीप मिळाली, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

तर त्या रविवारी मला एक युक्ती सुचली, आणि ती मला फार आवडली.

"ठीक आहे," मी भिंगरीला म्हटलं. "ज्या दिवशी तुझा मामा त्या मोठ्या रस्त्यावरून सायकल चालवत तुझ्या शाळेपर्यंत जाईल, त्या दिवसापासून तूही जा. मी एक शब्द बोलणार नाही."

दादाला ठसका लागला. भिंगरी खुर्चीवरून उठलीच. "एवढंच? मामा, उद्या?"

"उद्या," चहा पुसत दादा म्हणाला, "उद्या माझं ट्रेनिंग सुरू होतंय."

या ट्रेनिंगला तो महिनाभर शिव्या घालत होता. खात्याने ठरवलं होतं की सगळ्या रस्ते-इंजिनिअरांनी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ते कसे आखायचे ते शिकायचं. "आयुष्यभर रस्ते केले, आता मला चालायला शिकवणार," असं म्हणून त्याने ते टाळायचे सगळे मार्ग शोधून पाहिले होते. त्या दिवशी मात्र त्याने ट्रेनिंगचं नाव असं घेतलं, जसं बुडणारा माणूस लाकूड धरतो. निघताना माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "सख्खी बहीण ना गं तू?"

ट्रेनिंग ऑफिसमागच्या जुन्या गोदामात होतं. लांब टेबलं, भिंतीवर नकाशे, आणि पडद्यावर चित्रं दाखवणारं एक यंत्र, ज्याचा पंखा बोलणाऱ्यापेक्षा मोठ्याने बोलायचा. शिकवायला आली होती ती दादाच्या निम्म्या वयाची बाई. ती सायकलवरून आली आणि हेल्मेट खुंटीवर अडकवलं, नेमकं तिथे, जिथे दादा इतकी वर्षं आपली टोपी अडकवायचा.

पहिल्याच तासाला तिने प्रत्येकाला एक लांब कागद दिला. कागदावर दोन्ही कडांना इमारतींच्या भिंती, मध्ये काही नाही. म्हणाली, "रस्ता काढा." सगळ्यांनी आधी मधोमध रेघ मारली. दादाची सगळ्यात सरळ.

"आता ती पुसा," मॅडम म्हणाल्या. "भिंतीपासून सुरुवात करा. आधी चालणारा. मग सायकल. मग बस. मग जे उरेल ते गाड्यांना."

"आणि काही उरलंच नाही तर?" दादाने विचारलं.

"तर मग जागा तेवढीच होती, सर."

हे त्याने घरी येऊन इतक्या रागाने सांगितलं की सांगता सांगता जेवणाच्या टेबलावर सगळा रस्ताच मांडला. चमचे म्हणजे फुटपाथच्या कडा, बिस्किटं म्हणजे बस, मिठाची बाटली म्हणजे चालणारा माणूस. "आता सांग, यात गाड्या कुठे जाणार?" भिंगरीने एक बस उचलून खाल्ली.

"ही गेली," ती म्हणाली. "आता पुढच्या बसची वाट बघ."

वहिनी चमचे गोळा करायला आली. "ऑफिसात पुसून झालं, आता घरीही पुसून घ्या. टेबल."

त्याच आठवड्यात दुसरा धडा झाला. प्रत्येकाने स्वतः केलेल्या एखाद्या रस्त्यावरून चालायचं, पण रिकाम्या हाताने नाही. कुणाला कुबड्या दिल्या, कुणाला डोळ्यांवर पट्टी बांधून काठी दिली, कुणाला जड पिशव्या. दादाच्या वाट्याला आली बाळाची ढकलगाडी. आत बाळाऐवजी वाळूची पिशवी, वर दुपटं.

त्या संध्याकाळी तो आला तो थेट सोफ्यावर बसला. वहिनीने पाणी दिलं. शेवटी मीच विचारलं, "काय झालं?"

"फुटपाथची कड फार उंच आहे," तो म्हणाला.

"मग?"

"ढकलगाडी उचलावी लागते. दर कोपऱ्याला. आणि खांब मध्येच आहेत. कुणी लावले कोण जाणे."

"तूच लावलेस."

"तेच म्हणतोय." मग बूट काढत म्हणाला, "बँकेच्या कोपऱ्यावर मी किती तरी वेळ उभा होतो. एक गाडी थांबेना. हात केला, ओरडलो, म्हटलं मी रस्ते खात्याचा आहे. काचा बंद होत्या सगळ्यांच्या." आणि खरं दुखणं त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. "एक बाई दुपट्यात डोकावून मला म्हणाली, एवढ्या उन्हात बाळाला घेऊन कशाला बाहेर पडलात आजोबा."

"खोटं काय बोलली?" वहिनी म्हणाली. "वाळूचे आजोबाच तुम्ही."

पण त्या दिवसानंतर त्याच्यात फरक पडला. वर्तमानपत्राच्या कडेला तो बँकेचा कोपरा पुन्हा पुन्हा काढायला लागला. आधी गोल, मग जरा कमी गोल, मग जवळजवळ काटकोनात. मला समजावून सांगायचा, "कोपरा जितका गोल, तितका गाडीवाला बेफिकीर. कोपरा आवळला की त्याला ब्रेक लावावाच लागतो. एवढी साधी गोष्ट आहे गं." अशा स्वरात सांगायचा, जशी ती गोष्ट मीच इतकी वर्षं त्याच्यापासून लपवून ठेवली होती.

तिसरा धडा मात्र त्याने टाळला. त्या दिवशी सगळ्यांनी मोठ्या रस्त्यावर सायकल चालवून बघायची होती. दादा गुडघ्याला पट्टा बांधून गेला आणि बाजूला उभं राहून सगळ्यांना सूचना देत राहिला. घरी आला तेव्हा वहिनीने दारातच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अहो, सकाळी पट्टा डाव्या गुडघ्याला होता."

"बरं मग?"

"आता उजव्याला आहे."

"दुखणं सरकतं," दादा म्हणाला आणि बाथरूममध्ये गेला. तेव्हा वहिनीला संशय आला, पण कशाचा ते तिला कळेना.

ट्रेनिंगच्या शेवटी खरं काम होतं. एखाद्या चालू रस्त्यावर खडू, पांढरी पट्टी, प्लॅस्टिकचे कोन आणि झाडांच्या कुंड्या वापरून तात्पुरता बदल करायचा, आठवडाभर ठेवायचा आणि लोक तो कसा वापरतात ते बघायचं. जमला तर खातं तो पक्का करणार. रस्ता कोणता घ्यायचा यावर जो तो दुसऱ्याचा सुचवत होता. आपलं मूल तपासायला कोण पुढे करणार? दादाच म्हणाला, "माझा घ्या. शाळेकडचा."

भिंगरीला त्याने हे सांगितलं तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडली. मला वाटलं, आता हिला अडवणार कशी. पण लगेच आठवलं, रस्ता कितीही बदलला तरी अट माझ्या बाजूने आहे. हा काही सायकलवर बसत नाही.

आखणीच्या दिवशी दुपारी मी सामान घेऊन त्याच रस्त्याने येत होते. कडेचा भाग त्यांनी सायकलींच्या पट्ट्यासाठी कोन लावून अडवला होता. दादा कुणाची तरी सायकल हाताने धरून, तिच्या शेजारून चालत होता आणि खात्यातला एक ज्युनिअर त्याच्या मागून खडूने खुणा करत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की मोठे साहेब फार बारकाईने काम करताहेत. मला हसू आवरेना.

"सर, पुस्तकात रुंदी याहून कमी आहे," ज्युनिअर हळूच म्हणाला.

"पुस्तकाला शेजारून चालावं लागत नाही," दादा म्हणाला.

ज्युनिअरला याचा अर्थ लागला नाही, पण साहेबांचं बोलणं म्हणून त्याने खूण केली. दादाने मला पाहिलं. "बरी आलीस. सांग, पुरेल का?"

मी त्या दोन खुणांच्या मध्ये पाहिलं. तिथे मला भिंगरी दिसली सायकलवर, आणि तिच्या शेजारून सीट धरून चालणारी मी. "अजून हातभर दे," मी म्हटलं. त्याने हातभर माझ्यासाठी दिला आणि आणखी हातभर सवयीने.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता इतका सुंदर दिसत होता की लोक गॅलरीत येऊन बघत होते. ताजी पांढरी रेघ, एका ओळीत कुंड्या, मध्ये स्वच्छ मोकळा पट्टा आणि त्यावर खडूने काढलेली मोठी सायकल. ट्रेनिंगचे सगळे जमले होते. वहिनी थर्मास घेऊन आली होती, "यांचा पेपर बघायला." भिंगरी शाळेच्या गणवेशात सायकल धरून उभी होती, बसायची परवानगी नव्हती तरी.

तेवढ्यात फर्निचरच्या दुकानाची सामानाची गाडी आली. तिने रेघ ओलांडली, अगदी हळू, कुंडीला धक्काही न लावता पट्ट्यात शिरली आणि खडूच्या सायकलवर थांबली. ड्रायव्हर उतरला आणि कोण साहेब आहे ते अंगावरच्या कपड्यांवरून ओळखून दादाजवळ आला.

"फार बरं केलंत साहेब," तो म्हणाला. "इथे गाडी लावायला जागाच नव्हती."

त्याच्यामागे आणखी एक गाडी आली. मग एक मोटार. मग शाळेत मुलांना सोडायला आलेल्या सगळ्याच मोटारी. सायकलवाले पट्ट्याच्या तोंडाशी यायचे, आत बघायचे आणि पुन्हा मोठ्या रस्त्यावर जायचे. शाळेची घंटा व्हायच्या आत शहरातला पहिला सायकल-पट्टा शहरातला सगळ्यात सुबक पार्किंग झाला होता.

मॅडम एका कुंडीवर बसून हे सगळं शांतपणे बघत होत्या. मग उठल्या. "ही रुंदी कोणी ठरवली?"

ज्युनिअर स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

"मी," दादा म्हणाला.

"पुस्तकापेक्षा इतकी जास्त? कशावरून?"

"सायकल घेऊन गेलो. जेवढी लागली तेवढी."

"चालवून पाहिलीत?"

इथे गुडघा उपयोगी पडला असता. वहिनी नंतर म्हणाली, "मी तर कान टवकारून बसले होते, आता डावा निघतो की उजवा." पण दादाने भिंगरीकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी हँडल धरून त्या गाड्यांच्या रांगेकडे बघत होती.

"नाही," दादा म्हणाला. "हातात धरून चालत गेलो. मला सायकल येत नाही."

पहिली बोलली ती वहिनी. "आणि ते डोंगर?"

"डोंगर आहेत," दादा म्हणाला. "जागच्या जागी आहेत. मी पालथे घातले नाहीत, एवढंच."

ज्युनिअरने खोकल्यासारखं काहीतरी केलं. मग मॅडमच हसल्या आणि सगळ्यांना मोकळीक मिळाली. वहिनीने थर्मास कुंडीवर ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर घेतले. "लोक नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात. आमच्याकडे नाचता येईना म्हणून अंगण रुंद केलं."

"माप चुकलेलं नाही सर," मॅडम म्हणाल्या. "फक्त ते सायकल ढकलणाऱ्याचं आहे. आणि मोकळी जागा दिसली की गाडी शिरते. ती कुणासाठी ठेवलीय ते गाडी वाचत बसत नाही."

भिंगरी मात्र अजून हसली नव्हती. "मामा," ती म्हणाली, "हे आईला माहीत होतं?"

सगळे माझ्याकडे वळले. मला एकदम पिशवीतलं काहीतरी शोधायचं होतं.

"तिला माझं सगळंच माहीत असतं," दादा म्हणाला. हातभर कुणी मागितला होता, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

"वा वन्सं," वहिनी म्हणाली. "बाहेरून किती साध्या दिसता."

मग दादाने बाह्या सरसावल्या. एकेका ड्रायव्हरजवळ जाऊन त्याने हात जोडले, गाड्या बाहेर काढायला लावल्या, आणि खडू घेऊन स्वतः रस्त्यावर गुडघे टेकून बसला. दोन्ही. वहिनी नुसती बघत राहिली. त्याने जुनी रेघ पुसली आणि नवी आत घेतली, पुस्तकात होती तिथे. पट्ट्याच्या तोंडाशी मधोमध एक कुंडी ठेवली, म्हणजे सायकल जाईल पण मोटार नाही. रुंदीसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी अरुंद केलं, ते बघायला खात्यातली माणसं ऑफिस सोडून आली होती. उरलेली जागा त्याने फुटपाथला जोडली. खोड जाते कुठे? फक्त या वेळी फुटपाथ रुंद झाला.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरीने मामाला शिकवायला घेतलं. ऑफिसच्या आवारात, जिथे रोलर आणि डांबराची पिंपं ठेवतात तिथे. ती कडक मास्तरीण निघाली.

"मामा, खाली बघू नकोस. जिकडे बघशील तिकडे जाशील."

मामा पिंपाकडे बघायचा आणि पिंपाकडे जायचा.

"पिंप का बघतोस?"

"त्याला धडकू नये म्हणून."

मी सुरुवातीला समाधानाने बघायला जात होते. डांबराची पिंपं माझ्या बाजूने होती. पण एका संध्याकाळी तो पडला, उठला, पँट झटकली, आणि कुणी हसतंय का ते न बघता पुन्हा बसला, तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, "समोर बघ रे दादा, समोर." भिंगरीने वळून माझ्याकडे पाहिलं.

ती सीट धरून मागे धावायची. पण फसवून सोडणं तिने केलं नाही. "आता सोडते हं मामा," ती म्हणाली.

"नको," दादा म्हणाला.

तिने सोडलं. "नको, नको," म्हणत म्हणत तो आवाराच्या टोकापर्यंत गेला आणि रोलरला धरून थांबला.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, दादा मॅडमचं हेल्मेट घालून पट्ट्याच्या तोंडाशी उभा राहिला. हेल्मेट तेवढं अरुंद होत होतं. भिंगरी तिच्या सायकलवर त्याच्यामागे. मी फुटपाथवर. तो निघाला. इतका हळू की मी नेहमीच्या चालीने चालत त्याच्या बरोबरीने जात होते, आणि फुटपाथ आता असा होता की समोरून कुणी आलं तरी मला खाली उतरावं लागत नव्हतं.

"बोलू नकोस माझ्याशी," तो समोर बघत म्हणाला. "मी चालवतोय."

"मी कुठे बोलतेय?"

"श्वास घेतेस तो ऐकू येतोय."

बँकेच्या कोपऱ्यावर, जिथे त्यांनी कुंड्या लावून वळण आवळलं होतं, तिथे एक मोटार आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मोटार थांबली होती आणि दादा राजासारखा हात वर करून तिचे आभार मानत होता. त्यामुळे त्याची सायकल डुगडुगली, मागून भिंगरी ओरडली, "दोन्ही हात, मामा," आणि हात खाली आला. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर त्याने फाटकाचा खांब मिठीत घेतला. उतरायचं कसं ते शिकवायचं राहून गेलं होतं. वहिनीने आणि ज्युनिअरने मिळून त्याला खाली घेतलं.

"पोचलो," दादा मला म्हणाला. "आता बोल."

काय बोलणार? एक शब्द बोलणार नाही, असं मीच म्हटलं होतं.

सोमवारी सकाळी भिंगरी निघाली. कुंड्या होत्या तशाच होत्या. खात्याने त्या हलवू नका म्हणून सांगितलंय, पक्कं काम व्हायचंय. मी तिच्याबरोबर पट्ट्यापर्यंत गेले. मनात होतं की निदान कोपऱ्यापर्यंत सीट धरून चालावं. पण आत पाऊल टाकलं आणि लक्षात आलं की तिथे एका सायकलपुरतीच जागा आहे. तिच्या शेजारी मी मावत नव्हते. माझा हातभर दादाने पुसला होता. मी पुन्हा फुटपाथवर चढले.

"आता जाते हं आई," भिंगरी म्हणाली.

"नको," मी म्हटलं.

ती गेली. मी नको नको म्हणत राहिले, आणि ती बँकेच्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की मी ते हसत म्हणतेय.

दादा आता पाव आणायला सायकल काढतो. जाताना बसून जातो, येताना हातात धरून येतो, कारण एका हातात पाव असला की त्याला जमत नाही. मीही रोज सकाळी त्या रस्त्यावर असते. पिशवी घेऊन उभी राहते, भाजी घ्यायला निघाल्यासारखी. त्या वेळी भाजीचं दुकान उघडलेलं नसतं, हे भिंगरीला माहीत आहे. ती घंटी वाजवून पुढे जाते.